सासऱ्यांच्या ताटातला भात

माझी थोरली लेक सात महिन्यांची झाली, तेव्हा तिच्या उष्टावणाला माझा भाऊ खालापुराहून बैलगाडीनं आमच्याकडे पोशीरला आला. येताना भाचीसाठी चांदीची वाटी घेऊन आला. पहिला घास मामानं भरवायचा, ही रीत.

मला मात्र धाकधूक होती. सासूबाई काही दिवस तिला पायांवर आडवी घालून बोंडल्यानं नाचणीची पेज पाजू बघत होत्या. पोर जिभेनं सगळी पेज बाहेर ढकली आणि वर आमच्याकडे रागानं बघे.

त्या दिवशीही तेच झालं. भाऊ खिरीचं बोट तिच्या ओठांना लावायला गेला आणि तिनं तोंड घट्ट मिटलं. त्यानं कावळा केला, मांजर केलं, टाळ्या वाजवल्या. शेवटी तिनं वाटीला हात मारला आणि खीर त्याच्या नव्या धोतरावर सांडली.

"ताई, ही तुझ्यावर गेलीय," तो म्हणाला.

"दिष्ट लागली गं पोरीला!" म्हणत सासूबाई मीठमोहऱ्या आणायला उठल्या.

तोवर सासऱ्यांची जेवायची वेळ झाली होती. सासरे फार कमी बोलत. घरात सगळे त्यांना वचकून असत आणि नातीला त्यांनी अजून एकदाही घेतलं नव्हतं. मी लेकीला खाली ठेवून त्यांचं ताट वाढलं. भात, वरण आणि लाल भोपळ्याची भाजी. मी पाण्याचा तांब्या आणायला वळले, तेवढ्यात पोर पोटावर सरकत थेट ताटापाशी गेली आणि तिनं भातात पंजा रोवला.

मी धावले. सासरे म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

त्यांनी तिला उचलून आपल्या मांडीवर ताठ बसवलं. तिनं मूठभर भात कुस्करला. थोडा भुवईला लागला, थोडा सासऱ्यांच्या गुडघ्यावर पडला आणि उरलेला तोंडात गेला. मग तिनं भोपळ्याची मऊ फोड उचलली. ती चोखता चोखता तिला ठसका लागला. तोंड लालबुंद झालं.

"अवो, घास अडकला! काढा तो!" सासूबाई ओरडल्या.

"थांब जरा. खोकतेय ना? तिचं ती काढंल."

माझा जीव टांगणीला लागला होता. पण पोर पुन्हा खोकली आणि भोपळा ताटात पडला. तिनं त्याच्याकडे निरखून बघितलं, तो पुन्हा उचलला आणि खाऊन टाकला. सासरे खो खो हसले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"मग माझी वाटी?" भाऊ कुरकुरला.

सासऱ्यांनी वाटीत खीर घालून ती पोरीपुढे धरली. तिनं मनगटापर्यंत हात बुडवला आणि बोटं चाटली.

"मामाच्या हातचा घास कुटं खाल्ला तिनं?" सासूबाईंना ते पटेना.

"मामाच्या वाटीतलं खाल्लं ना? झालं उष्टावण!"

तेव्हापासून दोघांचं जेवण एकाच ताटात होऊ लागलं. पोरीला झोंबू नये म्हणून सासऱ्यांनी कालवणातली मिरची बंद करवली. माझे यजमान बिचारे लसणाची चटणी पानाखाली लपवून खात. सासूबाईंनी बोंडलं आणखी थोडे दिवस चालवून पाहिलं, मग फडताळात ठेवून दिलं. पुढे तर शेजारणीला त्याच सांगू लागल्या, "आमच्यात पोरं आपल्या हातानंच खातात हो."

जेवणं झाली की जमीन पुसायचं काम माझं. शितं टिपायला कोंबड्याही दारात हजर असत. तिला धुवायचं काम मात्र सासऱ्यांनी आपणहून घेतलं होतं. परसात दगडावर बसून ते तिचं एकेक बोट चोळून धूत आणि कुठल्या खाचरात किती पाणी साठलंय, भात कधी कापायला येईल, हे सगळं तिला सविस्तर सांगत. तीही मन लावून ऐके आणि मधेच त्यांच्या मिशा ओढी.