काउंटरचा कॅमेरा आणि झोळीतला कॅमेरा

"यातला खोटा फोटो कोणता, एवढंच सांगा."

समोरच्या वकिलांनी दोन फोटो माझ्यापुढे धरले. दोन्हींत वनिता होती. दोन्ही एकाच दिवशी, आमच्याच दुकानात काढलेले. एकात तिच्या डाव्या डोळ्याखाली काळाजांभळा डाग, सुजलेला गाल, गळ्यावर बोटांचे वळ. दुसऱ्यात तीच वनिता गोरीपान, गाल गुळगुळीत, लग्नाच्या बायोडेटाला लावावा असा चेहरा.

"खोटा कुठलाच नाही," मी म्हणाले.

"मग बाईंना एका दिवशी दोन चेहरे होते का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण साक्षीला उभं राहिलेल्या माणसानं शांत राहायचं असतं, असं वनिताच्या वकिलांनी, कदम मॅडमनी, मला बजावून ठेवलं होतं.

चौक गावात, जुन्या हायवेवर, एक गॅरेज आणि एक ढाबा यांच्या मधे आमचा स्टुडिओ आहे. काउंटर फारूक सांभाळतो. फारूक म्हणजे माझा नवरा. बाहेरची कामं माझी. आमच्या लोकांच्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून फारूकनंच मला कॅमेरा शिकवला. मग आजूबाजूच्या गावांतल्या बायकाही यायला लागल्या. ओटीभरण, हळद, बारसं. आणि हळूहळू त्याच बायका जे पुरुषाला दाखवता येत नाही, तेही माझ्याकडे घेऊन यायला लागल्या. कुणाचं ऑपरेशन बिघडलेलं, कुणाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ. वकील सांगतात, आधी फोटो काढून घ्या. त्या येतात. मी दार लावून घेते आणि काढते.

आमच्याकडे कॅमेरे दोन. दोन्ही एंट्री-लेव्हल डीएसएलआर, म्हणजे नवशिक्या गिऱ्हाइकाला दुकानदार पहिल्यांदा काढून दाखवतो तसले. लेन्स बदलता येते, बाकी फार मिजास नाही. कंपन्या मात्र वेगळ्या. पोरं येऊन विचारतात, ताई, यातला कोणता घेऊ? मी उलट विचारते, कशाला घेतोस?

पहिला काउंटरचा. तो स्टँडवरून कधी उतरत नाही. तो माणसाच्या कातडीला थोडा गुलाबी उबदार रंग देतो, आणि आपल्याकडे ते लोकांना आवडतं. फारूकनं त्याला पोर्ट्रेट मोडवर टाकलेलं आहे आणि उजेड एक घर वर चढवून ठेवलेला आहे. बटण दाबलं की कॅमेरा आतल्या आत चेहरा शिजवून, मीठमसाला घालून जेपेग फाइल बाहेर देतो. ही फाइल लहान असते, प्रिंटला झटपट जाते. पासपोर्ट, बायोडेटा, शाळेचं आयकार्ड, सगळं त्यावर.

दुसरा माझ्या झोळीतला. त्याचे रंग कोरडे. हळदीच्या फोटोत नवरी दोन दिवसांच्या तापातून उठल्यासारखी दिसते, म्हणून लग्नाला तो कुणाला नको असतो. पण अंधाऱ्या भागात काय आहे ते त्याला जास्त दिसतं. सावळ्या कातडीवरचा काळा डाग तो वेगळा ओळखतो. त्यावर मी रॉ फाइल काढते. रॉ म्हणजे कच्चा माल, कॅमेऱ्यानं हात न लावलेला. मोठी असते, जड असते, पण तीत फेरफार करून तो लपवणं फार अवघड. अपघाताच्या गाड्या, इन्शुरन्सची कामं आणि दार लावून काढायचे फोटो, सगळे त्यावर.

वनिता आली ती तिच्या आईबरोबर. पदर डोळ्यांवर ओढलेला. जवळच्याच गावची, शेतकऱ्याची मुलगी. नवरा मोहोपाड्याला कंपनीत कंत्राटी कामावर. लहान मुलगी सासरीच राहिली होती, वनिताला एकटीलाच घराबाहेर काढलं होतं.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"दाखवलं ना," आई म्हणाली. "पन हिचा नवरा सांगाती गेलता. त्यानंच सांगितलान, न्हानीत पाय घसरला. ही काय बोलनार त्याच्याम्होरं?"

म्हणजे डॉक्टरच्या कागदावर पाय घसरलेला. शेजारी तोंड उघडणार नव्हते. कदम मॅडमना कोर्टाकडून दोन गोष्टी तातडीनं हव्या होत्या. नवऱ्यानं वनिताच्या जवळ फिरकू नये, आणि मुलगी आईकडे द्यावी. हातात पुरावा म्हणून माझे फोटो, बस.

मी दार लावलं. खिडकीचा पडदा सरकवला. फ्लॅश बंद, कारण समोरून फ्लॅश मारला की सूज सपाट दिसते. वनिताला खिडकीकडे तिरकं बसवलं, बाजूनं उजेड येऊ दिला. गालाशेजारी मोजपट्टी धरायला तिच्या आईला सांगितलं. ती मोजपट्टी धरता धरता रडायला लागली, तर वनिताच म्हणाली, "आये, हात हलवू नको गं, फोटो हालंल."

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

काम झालं. मी कार्ड कंप्यूटरला लावून फाइली उतरवायला बसले. आईनं बाहेर जाताना सांगितलं, वकिलीणबाईंनी अर्जाला लावायला पासपोर्ट फोटोपण आणायला सांगितलेत. ते काम काउंटरचं. फारूकनं वनिताला स्टुलावर बसवलं, पदर खाली घ्यायला लावला आणि बटण दाबलं.

इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात पासपोर्ट फोटो 'करून' देतात. दुकानदार कंप्यूटरवर चेहरा थोडा उजळतो, मुरूम काढतो, डोळ्यांखालचं काळं पुसतो. गिऱ्हाईक सांगत नाही, दुकानदार विचारत नाही. न करता दिला तर म्हणतात, काय काळा फोटो काढलास. कर्जतपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही फोटोवाल्याकडे जा, आत गेलेला माणूस बाहेर गोराच येतो.

फारूकनं वनितालाही तसंच गोरं केलं. आणि तिचा डाग, गालाची सूज, गळ्यावरचे वळही पुसले.

त्याला डाग दिसला नव्हता असं नाही. मी नंतर त्याच्यावर भडकले. तेव्हा तो म्हणाला, "सरकारी कागदावर त्या पोरीचं तोंड तसं कशाला राहायला पाहिजे? लोक बघतील. मला वाईट वाटलं गं." लग्न झाल्यापासून माझ्याशी एकदाही आवाज चढवून न बोललेला माणूस. त्यानं दया म्हणून केलं, आणि ते बरोब्बर त्या नवऱ्याच्या कामी आलं.

कदम मॅडमच्या ऑफिसात कुणीतरी तो फोटो अर्जाला डकवून टाकला. पासपोर्ट फोटो नीट पाहतं कोण? सगळ्यांचे सारखेच. माझे फोटो मागं जोडले. त्यांच्यासोबत माझ्या सहीचा दाखला, की या फोटोंत कुठलाही फेरफार केलेला नाही. पहिलं पान आणि मागची पानं शेजारी ठेवून पाहिली ती फक्त वनिताच्या नवऱ्याच्या वकिलांनी.

आता ते माझ्यासमोर उभे होते. अशा सुरुवातीच्या हुकमासाठी सहसा साक्ष होत नाही, कागदांवरच निभावतं. पण दोन फोटो पाहिल्यावर न्यायाधीशांनीच मला बोलावून घेतलं होतं.

मी समजावून सांगितलं. कॅमेरे दोन. एक चेहरा सजवतो, दुसरा आहे तसा दाखवतो. पासपोर्ट फोटोवर कंप्यूटरवर काम झालं आहे, दुसऱ्यावर नाही.

"काम झालं म्हणजे काय झालं?" वकील.

"डाग काढला."

"कुणी?"

"माझ्या नवऱ्यानं."

"असं तुम्ही नेहमी करता?"

"सगळेच फोटोवाले करतात."

"म्हणजे तुमच्या दुकानात डाग काढता येतो." ते न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, ज्या दुकानात डाग काढता येतो, त्या दुकानात डाग लावताही येतो. एवढंच माझं म्हणणं आहे."

काउंटरचा कॅमेराही मी त्या दिवशी स्टँडवरून उतरवून आणला होता. मी झोळीतून दोन्ही कॅमेरे बाहेर काढले. म्हटलं, फारूकच्या हातावर मोटरसायकलच्या सायलेन्सरचा जुना चटका आहे, तो बाहेरच बसलाय, आत्ता दोन्हींनी फोटो काढून दाखवते. लॅपटॉपवर रॉ फाइल उघडून दाखवते. कदम मॅडमनीही जोर लावला. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता. पण म्हणाले, "बाई, हे कोर्ट आहे, प्रयोगशाळा नाही. मूळ फाइली तज्ज्ञांकडे पाठवू. अहवाल येऊ द्या." आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर वनितानं एकच विचारलं. "ताई, पोरीचा काय झाला?"

"अजून काही नाही. थांबावं लागेल."

"तिला रातीला माज्याबिगर झोप नाय येत," ती म्हणाली. फारूक पायरीवर बसला होता. तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलंसुद्धा नाही, उलट विचारलं, "भाई, तुमी जेवलात का नाय?" फारूकनं मान खाली घातली ती चौक येईपर्यंत वर केली नाही.

अहवाल लवकर येणार नव्हता. तारखा पडत गेल्या. मधे गावच्या चार मोठ्या माणसांनी बैठक बसवली. नवऱ्यानं सगळ्यांसमोर हात जोडले, दारू सोडायची शपथ घेतली. कदम मॅडमनी फोनवर सांगून पाहिलं, जाऊ नकोस. मीही सांगितलं.

"ताई, तुमचा सगला खरा हाय," वनिता म्हणाली. "पन माजी पोर तिकडं हाय ना."

ती गेली.

पुढं मला कळलं ते तिच्या आईच्या फोनवरून. तिला नीट बोलता येत नव्हतं. मी झोळी उचलली आणि सरकारी दवाखान्यात गेले. या वेळी वनिताला शेजाऱ्यांनी आणलं होतं, त्यामुळे कागदावर पाय घसरला नव्हता. पोलीस होते, डॉक्टर होते. सगळं रीतसर. मी डॉक्टरांना विचारून झोळीतल्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. डाव्या बाजूनं काढताना माझा फोकस बसेना. आधी मला वाटलं लेन्स बिघडली. मग लक्षात आलं, माझेच डोळे भरले होते.

त्या डाव्या डोळ्यानं वनिताला आता दिसत नाही.

हुकूम लगेच मिळाला. नवऱ्यानं फिरकायचं नाही, मुलगी आईकडे. नवऱ्यावर वेगळी केसही झाली, ती चालू आहे. तज्ज्ञांचा अहवाल त्यानंतर आला. जुने फोटो अस्सल आहेत, त्यांत फेरफार नाही, असं त्यात अगदी स्वच्छ लिहिलं होतं. कदम मॅडमनी मला वाचून दाखवला.

फारूकनं नंतर काउंटरवर एक बोर्ड लावला. 'इथे फोटोत कोणताही बदल करून मिळणार नाही.' मी म्हटलं, लाव, बघू. गिऱ्हाइकं यायची, आपला फोटो हातात घेऊन वाकडं तोंड करायची. एका मावशीनं तर सगळ्या कॉप्या काउंटरवरच टाकल्या. म्हणाली, "माजा मेलेला फोटो काडलास काय रं?" पुढं लोक मोहोपाड्यापर्यंत जाऊन फोटो काढायला लागले. शेवटी एके दिवशी बोर्ड उतरला. घर त्या काउंटरवरच चालतं.

आता तो नुसतं विचारतो. फोटो काढला की स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवतो आणि विचारतो, "उजळ करू का?" लोकांना हा प्रश्नच विचित्र वाटतो. "करा ना, इचारता काय," म्हणतात. तो करतो.

मध्यंतरी वनिता दुकानात आली. मुलगी बोटाला धरलेली. एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम मिळत होतं, त्यासाठी फोटो हवा होता. फारूकनं तिला पाहिलं, स्टँडवरचा कॅमेरा तसाच ठेवला आणि आत येऊन माझ्या झोळीतला घेऊन गेला. तिनं पदर खाली घेतला, सरळ समोर पाहिलं. डावा डोळा पांढरट, थोडा वर वळलेला. फोटो काढून झाला. फारूकनं स्क्रीन तिच्याकडे वळवली. सवयीनं त्याच्या तोंडून प्रश्न निघून गेला, आणि निघाल्यावर त्याचा चेहरा पडला.

"नको भाई," वनिता म्हणाली. "हाय तसाच ऱ्हाऊ दे. मागल्या टायमाला तुमी लय बेस केला व्हतात."

ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

तर पोरं विचारतात, ताई, दोन्हींतला कोणता कॅमेरा घेऊ? मी सांगते, दोन्ही चांगले आहेत. लोकांना आवडायला हवं असेल तर काउंटरचा घे. कधी खरं दाखवायची पाळी आली तर झोळीतला. पोरं काउंटरचाच घेतात. आणि फारूक अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. नको म्हणणारी आजवर ती एकटीच.