बिराजदार सरांचा कुलपी गोळा

"मॅडम, वेल्डर आलाय. पाटीवर गोळ्याबद्दल काय लिहायचं, तेवढं सांगा," बिराजदार सर फोनवर म्हणाले.

मी तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या लातूरच्या ऑफिसात टेक्निकल असिस्टंट होते. सरांचे फिजिक्सचे क्लासेस होते. औशाच्या किल्ल्याजवळ त्यांनी प्लॉट घेतला होता. तिथं पाया खणताना लोखंडी गोळा निघाला. खात्याला कळवायचं सोडून या गृहस्थांनी तो उचलून लातूरला आणला. क्लासच्या गेटवर बसवायचा आणि खाली प्रोजेक्टाइल मोशनचं सूत्र लिहायचं, असा बेत. ॲडमिशनसाठी तेव्हा कोण काय करेल याचा नेम नव्हता.

"केवढा आहे?"

"कळशीएवढा. पण लई जड न्हाई हो. हा वेल्डर खाजाभाई एकटाच उचलतोय."

एवढा गोळा भरीव असता तर दोघांनाही जड गेला असता. एकटा उचलतोय म्हणजे पोकळ. म्हणजे उखळी तोफेचा.

साधी तोफ समोर मारा करते, भिंत फोडते. उखळी तोफ आखूड, जाडजूड, तोंड आभाळाकडे. तिचा गोळा उंच जाऊन तटावरून आत, माणसांत पडायचा. अशा तोफा जहाजांवरही ठेवत, बंदरातल्या किल्ल्यांवर मारा करायला. गोळ्यात दारू ठासलेली आणि भोकात वात घातलेलं लाकडी बूच. याला कुलपी गोळा म्हणतात. कधी वात मध्येच विझायची आणि गोळा न फुटता मातीत रुतून बसायचा. आतली दारू कोरडी राहिली असेल तर ती पेटायला काळाचं बंधन नाही.

"सर, त्याला भोक आहे का?"

"हाय की. कुजकं लाकूड अडकलं होतं. खिळ्यानं उकरून काढलं. आतून थोडी काळी माती निघाली."

आपल्या मराठवाड्यात जमिनीतून काहीही काढा, काळी मातीच निघते. त्यात त्यांना काय वावगं वाटणार!

"माती नाही ती, दारू आहे! कुलपी गोळा आहे सर तो!"

"कुल्फी?" सर खो खो हसले. "मॅडम, ऊन लई लागलंय वाटतं तुम्हाला. बरं, खाजाभाई म्हणतोय, बीडाला वेल्डिंग धरत न्हाई, आधी गॅसवर तापवावं लागतं. तो टाकी आणायला गेलाय. तुम्ही सवडीनं सांगा." फोन बंद.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते आधी तापवतात, हे मलाही ठाऊक होतं. मी नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. ॲडमिशनचे दिवस, पालकांचे फोन सुरू असणार. पोलिसांना कळवा, असं आमच्या साहेबांना ओरडून सांगितलं आणि समोर दिसेल त्या ऑटोत बसले. मी भित्री बाई आहे, लपवून काय करू? रस्ताभर परत फिरावंसं वाटत होतं.

पोचले तर अंगणात दोन विटांवर गोळा आणि खाजाभाई त्यावर निळी ज्योत धरून बसलेले!

"बंद करा! आधी बंद करा ते!"

माझा अवतार बघूनच त्यांनी ज्योत विझवली. "क्या हुआ, बाई?"

"बॉम्ब आहे तो. त्याच्यावर पाणी टाकू का?"

"नको नको! गरम बीडावर गार पाणी टाकलं की तडकतंय." बोलता बोलताच ते मागे सरकत भिंतीला टेकले.

आत काही धुमसत असलं तर कळणार कसं? नुसतं लांब राहायचं. पण वर पत्र्याच्या हॉलमध्ये क्लास भरलेला होता, आणि खाली यायला एकच लोखंडी जिना. तो अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात उतरायचा.

सर धावत आले. माझं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "मी ओरडून पोरांना खाली बोलावतो."

"अजिबात नाही!" मी त्यांचा हातच धरला. निम्मी पोरं किल्लारीकडची. भूकंपाला काही वर्षं झाली होती, पण ट्रक गुरगुरला तरी ती बाकावरून उठायची. 'बाहेर पळा' म्हटलं असतं तर त्या जिन्यावरच चेंगराचेंगरी झाली असती. "सुट्टी द्या. शांतपणे."

सर वर गेले. "आज सुट्टी," त्यांचा आवाज आला. कोणी हललंच नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, पोर्शन राहिलाय की!" दुसरा म्हणाला, "आम्ही बसून वाचतो सर." मी खाली देवाचं नाव घेत उभी. या पोरांना अभ्यास खाणार, असं वाटून मला रडूच आलं.

मग सर एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "सरप्राइज टेस्ट! समोरच्या शाळेच्या पटांगणात. बोलायचं न्हाई, एका रांगेत. जो बोलंल त्याचे मार्क कट!"

हॉल असा रिकामा झाला की बास. पोरं पॅड छातीशी धरून, ओठांत सूत्रं पुटपुटत, गोळ्याकडं न बघता गेली. शेवटचं पोर रस्ता ओलांडेपर्यंत मी तिथंच थांबले. मग खाजाभाईंना ओढत मीही पळाले. पटांगणात सरांना खरोखरच टेस्ट घ्यावी लागली.

गोळा निवतच गेला. नांदेडहून बॉम्बशोधक पथक आलं. त्यांनी गोळा माळावर नेऊन पाण्यात बुडवला. जायच्या आधी उकरलेल्या 'मातीची' चिमूटभर पूड पत्र्यावर ठेवून काडी लावली. भस्सकन जाळ उठला. "मॅडम, तसली माती अजून ओंजळभर आत होती," सर म्हणाले.

किल्ल्याजवळ गोल लोखंड सापडलं तर खात्याला कळवा. वजन कमी भरलं तर हातही लावू नका. आणि लातुरात पोरांना सुखरूप बाहेर काढायचं असेल तर टेस्ट आहे म्हणा.

आपण कशातून वाचलो, ते पोरांना कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सरांच्या केबिनबाहेर जमली होती, पेपरचे मार्क कधी लागणार ते विचारायला.