वरची फूटभर माती

ताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सोसायटीच्या जिन्यात, शेजारणींकडून भाजीची देठं गोळा करत उभी होते. हसू नका. लोक बहिणीकडे जाताना मिठाई नेतात, मी देठं, सालं आणि वाळका पाला न्यायचे. भाईंदर पश्चिमेहून ताईच्या डोंगरी गावच्या बसमध्ये चढले की कंडक्टर नाक मुरडायचा. ताई मात्र पिशवीत डोकावून खूश व्हायची. “शकू, आज लई आणलंस गो!” आता ते घ्यायला ती नाही, हे अजून मला पटत नाही...

ऐंशीचं दशक सरता सरता तिच्या सासरी नवं घर बांधायला काढलं. वीटभट्टीवाला भावोजींना म्हणाला, भाताच्या शेतातली वरची फूटभर माती द्या आणि विटा घेऊन जा, जमीन तुमचीच राहील. भावोजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. “जमीन थोडीच विकतोय? खाली माती हायच की,” ते मला म्हणाले होते. तेव्हा बऱ्याच जणांनी असंच केलं. घर झकास झालं. पावसाळ्यात मात्र खालच्या पिवळट, चिकट मातीत रोपांची मुळं उतरेनात. ऊन पडलं की जमीन आवळायची, नांगर घातला की डोक्याएवढी ढेकळं निघायची. पिढ्यान्‌पिढ्यांचं शेण, पेंढा, कुजलेली मुळं ज्या थरात मुरली होती, तो थरच भट्टीत भाजला गेला होता.

दोन-चार हंगाम वाया गेल्यावर ताईचे दीर म्हणू लागले, पिकत नाही तर भरावाला देऊन टाकू. सगळीकडे इमारती उठत होत्या, राडारोडा टाकायला जागा हवीच होती. ताई हट्टाला पेटली. “पिकलं तर कोन भरंल?” शेण, पेंढा, मी नेलेली देठं-सालं, जवळच्या पालीच्या कोळीवाड्यातून आणलेली मासळीची घाण... वर्षानुवर्षं तिने पाट्या वाहिल्या. सगळं शेत काही तिच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून रस्त्याकडचा एक कोपरा धरला. घरचे तिला खुळी म्हणायचे. मलाही चीड यायची. अगं, किती जन्म पुरणार आहेत तुला?

आजारपणात शेवटची भेटले तेव्हा तिने मला धरून त्या कोपऱ्यात नेलं. मूठभर माती उचलून दाबली, मग बोट लावलं, तर ती भुरभुर सुटली. आत एक गांडूळ वळवळत होतं. “बघ, जिती हाय,” म्हणत ती रडायला लागली. भावोजी शेजारीच होते. त्यांना म्हणाली, “मी नसले तरी इथं भराव टाकू नका.” त्यांनी हो म्हणून मान हलवली.

ती गेल्याला महिना उलटला. परवा गेले तर राडारोड्याचा ट्रक आलेला. दिरांपुढे भावोजींचं काही चाललं नसावं. रस्त्यावरून शेतात शिरायला वाट एकच, त्या कोपऱ्यावरून. मी धावले. “भैया, इधर मत डालो!”

“माँजी, मिट्टी पे मिट्टी ही तो डाल रहे हैं,” ड्रायव्हर म्हणाला.

मी भावोजींना हाक मारली. ते ट्रकच्या मागे उभे होते. एका हाताने डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला खुणावत होते, “आने दो... आने दो...”