उजवीकडून चार सुया

चुनान गावातल्या स्वेटर कारखान्यात फान रुई-छिनने अकरा वर्षं एकच काम केलं. चौकटीच्या कागदावर कुणी हरिण काढून द्यायचं, कुणी बर्फाचं फूल, आणि ती त्याचे आकडे करायची. भरलेली चौकट म्हणजे एक, सुई वर. रिकामी म्हणजे शून्य, सुई खाली. जुन्या विणयंत्राला सुया तीन-तीनच्या घासांनी भरवाव्या लागत, म्हणून तीन चौकटींचा मिळून एक आकडा, शून्यापासून सातापर्यंत. आठ आणि नऊ तिच्या कामात नव्हतेच; सातानंतर थेट दहा लिहायचे. बाजारात कुणी आठ केळी म्हटलं, की तिच्या डोळ्यांपुढे आधी दहा उभे राहत.

पंच्याऐंशी साली मालक चान यांनी नवं यंत्र आणलं. ते चार-चार सुयांचे घास खाई. त्याचे आकडे नऊपर्यंत जात, आणि नऊ संपले की पुढे ए ते एफ अशी सहा अक्षरं. कपाटातल्या तीनशे वीस नक्ष्या हिवाळी मालाच्या आत या नव्या बोलीत उतरवायच्या होत्या.

"छिनताई, तिनाचे चार करायचेत, त्यात काय एवढं?" मालक म्हणाले. "गुणून टाका."

"गुणून होत नाही, मालक. आधी सुई-सुई सोडवायची, मग परत बांधायची."

"मग सोडवा नि बांधा. नको कोण म्हणतंय?"

ती सोडवत आणि बांधत राहिली. पाच-दोन-सात-एक लिहिलेलं असलं, की त्याच्या बारा सुया मांडायच्या, त्या चार-चार करून पुन्हा मोजायच्या, की ए-बी-नऊ. अशी एक ओळ शंभर सुयांची. एका नक्षीत ऐंशी-नव्वद ओळी. दुपारी जेवणानंतर कारखान्यातले दिवे मालवले जात आणि सगळ्या बाया टेबलावर डोकं टेकून अर्धा तास झोपत. रुई-छिन मात्र खिडकीपाशी सरकून ओळी उतरवत बसे. मान भरून आली की कानशिलांना हिरवं तेल चोळायचं आणि पुढची ओळ धरायची. मे गेला, जून गेला. घरी तांदूळ निवडतानाही तिची बोटं दाणे चार-चार करून सरकवत. नवरा काही बोलला, तर ती मध्येच विचारी, "काय म्हणालात?" पुढे पुढे त्याने बोलणंच कमी केलं.

जुलैत हरणाच्या नक्षीचे साठ डझन पुढचे भाग विणून झाले आणि शिलाईतली आ-शिआंग एक तुकडा नाचवत आली. "हे बघा! हरणाचं नाक शिवणीत चाललंय. स्वेटर घालणाऱ्याच्या काखेत जाऊन हुंगणार की काय?"

बाया हसल्या. मालक हसले नाहीत. यंत्र बसवलं होतं तरुण इंजिनिअर वेनने, म्हणून सगळा राग त्याच्यावर निघाला. "शिकायला गेला होतास की पतंग उडवायला?" वेनने दोन दिवस यंत्राचा स्क्रू न् स्क्रू सोडवला. त्यात खोट सापडेना. त्याने जेवणाचा डबाही उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी रुई-छिनने आपली वही काढली. जुन्या पद्धतीत एका ओळीचे चौतीस आकडे, म्हणजे एकशे दोन सुया. यंत्राला सुया शंभरच, त्यामुळे डावीकडच्या दोन नुसत्या भरतीच्या. म्हणून चारचे गट उजवीकडून पाडत यायचे, म्हणजे त्या दोन शेवटी आपोआप गळतात. एवढ्या नक्ष्यांत तिने तसंच केलं होतं. या एकीत मात्र पहिल्या ओळीपासून गट डावीकडून पडले होते. भरतीच्या दोन सुया आत राहिल्या आणि अख्खं हरिण दोन सुया उजवीकडे ढकललं गेलं. अक्षर तिचंच होतं, थकून ओळीखाली उतरत गेलेलं. तो दिवस कोणता, तेही तिला आठवेना.

ही वही तिच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती. पान फाडून नवं लिहिलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. खोटं निभावायला लागतो तेवढा जोरसुद्धा आपल्यात उरलेला नाही, असं तिला वाटलं. उठून ती मालकांकडे गेली.

"यंत्र बंद ठेवू नका. वेनची चूक नाही, माझी आहे."

मालकांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. "अकरा वर्षांनी? डोक्यात टोफू भरलाय का तुमच्या?"

"असेल. दुपारी सगळ्या झोपतात, मी झोपत नाही."

मालकांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "उसवा आता," एवढंच म्हणाले.

साठ डझन तुकडे उसवायला चार बायांना आठ दिवस लागले. रुई-छिनही त्यांच्यात बसली. धागा सरसर निघत यायचा. आकडे नाहीत, काही नाही. पहिल्या दिवशी आ-शिआंग तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोहरीच्या पानांच्या लोणच्याचा डबा पुढे सरकवला. "घ्या, खा. चेहरा बघा आरशात, कसा झालाय."

तिथेच वेन स्टूल ओढून बसला. "छिनताई, आकडे उतरवायचं हे काम नव्या यंत्राबरोबर आलेल्या संगणकाकडून करून घेता येईल. पण कुठल्या टोकाने सुरू करायचं, ते मला नीट सांगा."

"उजवीकडून."

"का?"

तिने हातातल्या धाग्याच्या चौदा गाठी जमिनीवर मांडल्या आणि उजवीकडून चार-चार केल्यावर डावीकडच्या दोन भरतीच्या कशा गळतात, ते दाखवलं. त्याने दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं.

ऑगस्टच्या एका दुपारी संगणकाने उरलेल्या दीडशे नक्ष्या छापून काढल्या. तिचे तीन महिने झाले असते ते. वेनला वाटलं होतं, तिला आनंद होईल. तिने कागदाची चळत हातात तोलली, पहिली ओळ तपासली, शेवटची तपासली. "बरोबर आहे," म्हणाली. अकरा वर्षांची विद्या एका यंत्रात गेली, याचं वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण ते वाटायलाही काही अंगात लागतं.

मालकांनी तिला काढलं नाही. छापून आलेले कागद तपासायला ठेवलं, आणि पुढे कारखाना बंद होईपर्यंत तेरा वर्षं ती तेच करत राहिली. त्या ऑगस्टमध्ये मात्र, जेवणं आटोपून दिवे मालवले गेले, तेव्हा तिनेही चष्मा काढला, टेबलावर हाताची घडी केली आणि डोकं टेकलं. अर्ध्या तासाने घंटा झाली. बाया उठल्या. आ-शिआंग तिला हलवायला वाकली, तर वेनने दुरूनच हाताने खुणावलं, राहू दे.