मागची सीट

हिमायतनगरच्या पुढं, डोंगरातल्या बंद पडलेल्या खाणीवरून तांड्याकडे एक वाट जाते. लसीकरणाला मला तिकडं नेणारा जीपवाला माणसांशी फार बोलत नसे. चढ लागला की जीपशी मात्र बोले, "हळू गं बाई, दमानं." आतला आरसा त्यानं छताकडे वळवून ठेवलेला असायचा.

खाणीच्या तोंडाशी तो दर खेपेला थांबे. उतरून मागचं दार उघडे, जरा वेळ मान खाली घालून उभा राही आणि दार हलकेच लावी. पुढचा रस्ता सपाट, तरी जीप तिथून भरल्या गाडीसारखी कण्हत चाले.

"लशीची पेटी मांडीवर घ्या की, साहेब," तो म्हणे.

मला वैताग येई. एवढी सीट रिकामी असताना मांडीवर कशाला? मी पेटी मागंच ठेवी.

परवा भर दुपारी तो खाणीपाशी थांबलाच नाही.

"आज थांबला नाहीत?"

"जागा कुठं हाय?" तो समोर बघत म्हणाला.

जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. मी मागं न बघता हात लांबवला आणि पेटी उचलून मांडीवर घेतली.