कोरडा उंबरा

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि नव्याच्या नऊ दिवसांत सायकल शर्यत जाहीर झाली. प्यायला पाणी नव्हतं, पण शर्यतीचा उत्साह होता. शेवटच्या चौकात काटकोनी वळण होतं. जत्रेतल्या शर्यतीत अशाच वळणावर मी अख्ख्या गावादेखत आपटलो होतो. पोरं मला तेव्हापासून 'लोळण्या' म्हणत. मला बक्षीस नको होतं, ते वळण हवं होतं.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडे माझ्या मामाचं गाव. मामाचं सायकलचं दुकान होतं आणि तरुणपणी तो स्वतः शर्यती खेळलेला. त्याचं जुनं गाव तळ्यात गेलं होतं, वस्ती माळावर हलली होती. दुष्काळात तळं आटलं आणि जुन्या गल्ल्या उघड्या पडल्या. "तितं ना ट्रक, ना बैल. वळून घे पोटभर," मामा म्हणाला.

रोज सकाळी आम्ही खाली उतरायचो. चाकाखाली वाळलेले शिंपले कडाकडा मोडत. भिंतींवर डोक्याच्या उंचीपर्यंत गाळाचा थर, मारुतीच्या पारावर मारुती नाही. पाखरूसुद्धा ओरडत नसे. मला भीती वाटायची, पण मामाला तसं सांगायला मी लाजायचो.

पाराजवळच तसं काटकोनी वळण. बाहेरच्या अंगाला मामाचंच जुनं घर. दार-चौकट गाव उठतानाच काढून नेलेली, दगडी उंबरा तेवढा राहिलेला. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. आतला पाय वर, भार बाहेरच्या पायावर. "अन् भिताडाकडं बगू नको," मामा बजावायचा. "जिकडं नजर, तिकडं चाक."

माझी नजर उंबऱ्यावरच जायची, कारण तो ओला असायचा. टँकरवर बायका घागरींनी भांडत होत्या आणि इथे ओसाड घरापुढे ताजा सडा! एकदा त्या ओलीवरच चाक घसरलं, कोपर सोलून निघालं. मामानं ओली माती चिमटीत धरली आणि तडक घरी निघाला.

"तू सडा टाकायलीस तितं?" त्यानं मामीला विचारलं.

"हाव," मामी चूल फुंकत म्हणाली. "त्याच उंबऱ्यातून नवरी हून आत आले मी. पान्यात हुता तवा इलाज न्हवता. आता उगडा पडलाय, कोरडा कसा ठिवू?"

"पोरगं पडलं."

मामीनं माझं कोपर बघितलं. "मंग न्हाई टाकत," म्हणाली. तिचा चेहरा मला कोपरापेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी उंबरा कोरडा. मी निर्धास्त वळलो आणि थेट भिंतीवर गेलो. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. कोरडा उंबरा ओल्यापेक्षा जास्त ओढत होता. मामा वैतागून पारावर बसला.

मग मी प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि होतं तेवढं उंबऱ्यावर शिंपडलं. कुणी तहानेलं पीत असावं तसं ते क्षणात जिरलं. मागे जाऊन वेग घेतला, ब्रेक आधीच दाबला, नजर गल्लीच्या पार टोकाला लावली. सायकल आपोआप कलली आणि अलगद वळली.

तेवढ्यात मागे कडी वाजली. आतून कुणी दार लावून घ्यावं तशी, सावकाश. त्या घराला दार नव्हतं.

"मागं बगू नको!" मामा ओरडला. कडी त्यालाही ऐकू गेली होती.

मी बघितलं नाही. माळ चढून मामीच्या अंगणात येईपर्यंत पाय थांबवले नाहीत. तिला म्हणालो, "मामे, सडा टाकत जा तू. मी वळतो बराबर."