पायी फिरलेलं शहर

आज पेटीतले कपडे उन्हात घालताना कॉम्प्युटरसाठी शिवलेलं झालरीचं कव्हर हाती लागलं आणि माझे कान गरम झाले. तेव्हा देवासला धाकटे दीर आमच्याकडेच राहत. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक गेम होता, त्यात आख्खं शहर होतं. ते फॅक्टरीत गेले की दुपारी दार लोटून मीही तो लावायची, त्यांचं बघून बघून शिकले होते. गाडी हवी तर आतल्या माणसाला ओढून काढायचं, ते मला करवेना, म्हणून गेममधल्या आपल्या गड्याला मी पायीच तिथल्या समुद्रापर्यंत न्यायची. समुद्र मी कधी पाहिला नव्हता. एका रविवारी दिरांचे मित्र आले. मी पोहे घेऊन गेले तर एक जण पडद्यावर गडी किती पायी चालला त्याचा हिशेब बघून हसत होता, "काय भिया, इतका पायी कोण चालतो? परिक्रमा काढली का? आमचा गेम महिन्यात पूरा झाला, तुझा तर सात जन्मात नाही होणार!" दिरांनी माझ्या लेकीकडे डोळे वटारले, "दहावीचं वर्ष आणि हे धंदे?" ती रडवेली झाली. मी म्हणाले, "भावजी, ती नाही, मी." सगळे असे हसले की शेवेची वाटी हातातच घेऊन मी आत पळाले. दीर मागून आले, "वहिनी, सांगायचं ना, गाडी काढून दिली असती." पण ते कव्हर मी पुन्हा कधी उचललं नाही. आता नात मोबाइलवर खरा समुद्र दाखवते, तरी मी आधी दार लोटलंय का ते बघते.